गरुडाच्या घरट्यातले सागरगोटे

रॉटरडॅमच्या एका संग्रहालयाच्या गोदामात एक कपाट आहे. काही शतकांपूर्वी जेझुइट पाद्र्यांनी जगभरातल्या नवलाच्या वस्तू गोळा करून ते भरलं: शंख, मगरीचे दात, कसकसल्या बिया. त्यातलं काय कुठून आलं, हे शोधणं माझं काम. गोव्याकडचा हिस्सा त्यात असणारच, असं मी पहिल्यापासून छातीठोकपणे सांगत होते. पुरावा मात्र नव्हता, आणि माझ्या मार्गदर्शक बाई पुराव्याशिवाय मान हलवत नाहीत.

एका खणात पाच करडे, गुळगुळीत दगड होते. गरुडाच्या घरट्यातले दगड, बाळंतिणीच्या उशाशी ठेवावेत, अशी जुनी चिठ्ठी सोबत होती. मी एक उचलून कानाशी हलवला. आत खुळखुळलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. कसला गरुड नि कसलं घरटं! सागरगोटे होते ते. लहानपणी कोकणात, मामाच्या ओसरीवर दुपारभर मी हेच झेलले होते. पुरावा मिळाला म्हणून घरी, आल्मेरेला, जाणारी गाडी येईपर्यंत मी फलाटावर नुसती मिरवत होते.

घरी लेकीला सगळं सांगितलं. ती इथेच जन्मली. मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. मला फार दिवसांपासून एवढंच हवं होतं, की या देशातल्या एखाद्या जुन्या वस्तूकडे बोट दाखवून तिला म्हणता यावं, हे आपल्याकडचं. त्या दिवशी म्हटलं एकदाचं.

तिनं शब्द मनातल्या मनात सोलून पाहिला. "सागर म्हणजे सी ना, आई? मग दे जस्ट फ्लोटेड हिअर?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काहीतरीच बोलू नकोस म्हणाले आणि तिला खोटं पाडायला वाचायला बसले. सागरगोटे आतून पोकळ असतात, तरंगतात. जगातल्या कितीतरी उष्ण किनाऱ्यांवर ते उगवतात आणि वाहत वाहत पार युरोपलाही लागतात. काखेत कळसा नि गावाला वळसा. जन्मभर तोंडात असलेला शब्द मी कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे मान हलवली आणि मूळ ठिकाण अज्ञात असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. परतताना गाडीत मला अगदी रडू आलं.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, मग ते कुठले? माहीत नाही, मी म्हणाले. ते आपले नाहीत.

ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "पण त्यांचं नाव तुलाच माहीत होतं."

पूर्ण वाक्य, मराठीत. मी देव्हाऱ्याच्या डब्यातल्या पाच सुपाऱ्या काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसले.