डोलकाठीला बांधलेलं पोर

हार्बरफ्रंटला, बंदराशेजारी, माझ्या ऑफिसखालच्या फूड कोर्टात एक बाई रोज माझ्याच टेबलावर चहाला येतात. फेरीबोटीच्या तिकीट काउंटरवर असतात. मी त्यांना आंटी म्हणतो. आधी चहावर फुंकर घालायची, मग जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांना शिव्या घालायच्या, हा त्यांचा क्रम.

त्यांची माणसं या बेटाची मूळची, पिढ्यान् पिढ्या समुद्रात बोटीवरच राहिलेली. सुट्टीच्या दिवशी आंटी जुन्या सरकारी कागदांत त्यांना शोधत बसतात. "बोटी मोजल्या, मासे मोजले. नाव विचारायला तोंड दुखत होतं का?"

काल मात्र चहा निवून गेला तरी फुंकर नाही. त्यांनी एका जुन्या फोटोची प्रत माझ्यापुढे सरकवली. बोटीत एक बाई आणि कमरेला दोरी बांधून डोलकाठीला अडकवलेलं पोर. खाली छापलेलं, 'बोटीवरची बाई'.

"ही माझी पणजी. आणि हा माझा आजोबा."

"कशावरून, आंटी? पोरं सगळ्याच बांधत असतील."

"सगळ्या पाठीला बांधायच्या. डोलकाठीला फक्त ही. सासूनं तिला त्यावरून जन्मभर ऐकवलं. आमच्या घरात अजून सांगतात."

मग त्यांनी पेन काढलं, 'बोटीवरची बाई' खोडलं आणि वर पणजीचं नाव लिहिलं, मेलोर. मला ते मोठ्यानं म्हणायला लावलं. शेजारच्या टेबलालाही लावलं.

चहावाला गार झालेला कप उचलायला आला. फोटोवरचं नाव वाचून त्यानं विचारलं, "आणखी एक चहा आणतो. मेलोरला साखर चालते ना?"