पेवाच्या तोंडावरची फरशी

४ एप्रिल २०२४ रोजी सांगलीच्या न्यायालयाने राहीबाईला पंचवीस हजार रुपयांच्या जामिनावर सोडले. आरोप नवऱ्याच्या खुनाचा होता. जामीन राहिलेला भाऊ लालासाहेब तिला माण तालुक्यात आपल्या घरी घेऊन गेला. तिथे ती मेंढरांमागे हिंडली, उन्हात बसून राहिली आणि कोणी विचारले की म्हणायची, मला काही आठवत नाही.

ते खरेच होते. नवरा सयाजी हळदीच्या पेवात मेला, हे तिला इस्पितळात पोलिसांनी सांगितले. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट खोलीएवढे. बंद पेवातली हवा जीवघेणी होते. सयाजी तळाशी सापडला आणि राहीबाई तोंडाशी पालथी, बेशुद्ध. वरची फरशी अर्धी सरकलेली होती. माल विकायचा की ठेवायचा, यावरून आदल्या रात्री दोघांचे वाजले होते, ते गल्लीने ऐकले होते. गावाने तेवढ्यावर ठरवून टाकले : तो आत उतरला, हिने वरून फरशी ओढली आणि ओढताना हिलाच भोवळ आली. त्या हवेने तिच्या डोक्यातला तो दिवस आणि मागचे काही महिने पुसून नेले होते.

उरले होते एक स्वप्न. पिवळा अंधार, डोहातल्या पाण्यासारखा संथ. त्यात ती सावकाश खाली जात असे, पाय टेकत नसत. खालून सयाजी हाक मारी. हाकेत राग नसे. जेवायला बोलवावे तसा आवाज. मग तिच्या हातात काहीतरी जड येई. ते काय, हे कळायच्या आत जाग येई आणि ती तळहात बघत बसे. तुरुंगापेक्षा तिला याचीच भीती वाटे, की गाव म्हणते तेच खरे निघाले तर?

पुढल्या फेब्रुवारीत पेवातला माल काढायची न्यायालयाची परवानगी मिळाली. तू येऊ नकोस, मी बघतो, असे लालासाहेब सांगत राहिला. तिने ऐकले नाही.

सासरच्या गावात शिरताच पारावरचा एकजण म्हणाला, "वैनी, घराची वाट तरी आठवतीय का?"

"वाट आठवतीय. तुमचं नाव तेवढं आठवंना," ती म्हणाली, आणि पारावर कोणीतरी फिसकन हसले.

पेवाभोवती निम्मे गाव जमले होते. कोवळ्या उन्हात हळदीची धूळ तरंगत होती आणि तिला सगळी माणसे काचेपलीकडची वाटत होती. शेजारच्या बनुबाईचा मुलगा शिवतेज फरशी बाजूला सारून, कमरेला दोर बांधून उतरायच्या बेतात होता. पेव कालच उघडलेय, रात्रभर वारा लागलाय, असे तो सांगत होता.

राहीबाईने घरात जाऊन खुंटीवरचा कंदील काढला, पेटवला, दोरीला बांधला आणि शिवतेजच्या पायाशेजारून आत सोडला. हात आपले आपण चालत होते. ज्योत पुरुषभर खाली गेली, निळसर झाली आणि विझली.

शिवतेज मागे सरकला. मग मागून आवाज आला, "बघा. हिला ठावं हुतं आत काय हाय ते. तरीबी नवऱ्याला उतरू दिलं."

माना हलल्या. राहीबाईच्या हातातली दोरी तशीच राहिली. तिलाही ते पटू लागले होते.

तेवढ्यात बनुबाई पुढे आली. मुलाचा दंड तिने घट्ट धरला होता. "कंदील सोडायचा, हे हितं कुणाला ठावं न्हाई? सयाजीलाबी ठावं हुतं. पर त्याला वाटलं, रातभर उघडं हुतं, मग कंदील कशाला. रातभर झाकलेलं हुतं. आदल्या सांजेला फरशी म्या ओढली हुती."

त्या गावात उघडे पेव रात्री तसेच ठेवत नाहीत. गुरेवासरे पडतील म्हणून जो शेवटी तिथून जाईल तो फरशी ओढून घेतो. कधी ओढली, हे कोणी कोणाला सांगत नाही. सयाजीला वाटले असेल, आत्ता पहाटे कोणीतरी ओढली. अर्धी सारून तो उतरला.

"कालबी म्याच ओढली," बनुबाई म्हणाली. "आन पोरगं आज उतरत हुतं."

"मग म्या काय केलं, मावशी?" राहीबाईने विचारले.

"तू दोर मागत हुतीस. वरडत हुतीस. म्या यिस्तवर निम्मी आत वाकली हुतीस. हे तवाच सांगाया पायजे हुतं. फरशीचं माज्यावर यील, म्हनून भ्याले."

राहीबाईला त्यातले काही आठवले नाही. खून केल्याचे तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, न केल्याचेही दुसऱ्याच्याच तोंडून ऐकायचे होते. ती पेवाच्या कडेला बसली आणि उन्हे वर येईपर्यंत उठली नाही. तोवर पारावरचा तो माणूस तिच्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी सांगलीला विश्रामबागेत वकिलाकडे गेल्या. बनुबाईचा जबाब लिहून झाला. खटला अजून चालू आहे. येताना गावातल्या कुतुबुद्दीनच्या रिक्षाचे भाडे द्यायला सुटे नव्हते. त्याचे चाळीस रुपये राहीबाईकडून येणे आहेत.