पिंपाचं नाव

बेचाळीस साली सारा देश इंग्रजांना 'चले जाव' म्हणत होता, तेव्हा काष्टी गावात आमच्या शेजारचे मास्तर एकट्याने पोर्तुगीजांना हाकलत होते, तेही स्वतःच्या घरातून. साबण, चावी, बादली, घमेलं, बटाटा हे सगळे शब्द पोर्तुगीजांचे, असं कुठल्याशा जाड कोशात वाचल्यापासून त्यांचं डोकंच फिरलं होतं. बटाट्याची भाजी हवी असली की ते हवेत नुसता गोल काढून दाखवत, आणि मास्तरीणबाई मुद्दाम लाडू आणून ठेवत. पण त्यांचा खरा शत्रू म्हणजे मोरीतलं लाकडी पिंप. मास्तर त्याला 'जलसंचयिका' म्हणत. "पाणी आपलं, तहान आपली, आणि नाव त्यांचं? मी नाही उच्चारणार!" असं मला बजावत आणि त्याच पिंपातलं गार पाणी गटागटा पीत. हसता हसता माझा त्यांच्यावर जीव जडला होता.

मास्तरांच्या लेकीचं लग्न नेमकं पुढच्या वर्षी भर उन्हाळ्यात निघालं. आड आटलेले, त्यामुळे नदीचं पाणी बैलगाडीवरून दारोदार यायचं. गाडीवान हाळी द्यायचा, घरातून 'एक पिंप!', 'दोन पिंपं!' असा पुकारा व्हायचा आणि तेवढं पाणी ओतलं जायचं. रोज हे काम मास्तरीणबाईंचं. लग्नादिवशी मात्र त्या आत मुलीला साडी नेसवत होत्या, आणि आचारी कोरड्या पातेल्यापाशी कपाळाला हात लावून बसला होता. मास्तर दारात आले आणि त्यांनी चार बोटं दाखवली.

गाडीवान मोठा बेरकी. "चार काय, मास्तर?"

"चार जलसंचयिका."

"तसलं काय बी न्हाई आमच्याकडं. आज लगीन हाय, नाव घेतल्याबिगर पानी न्हाई मिळायचं!"

झालं! "घ्या नाव, घ्या नाव!" म्हणून मांडवातल्या साऱ्या बायका ओरडू लागल्या. मीही ओरडलो. तेवढ्यात वेशीकडून वाजंत्री ऐकू आली. मास्तरांनी आत लेकीकडे पाहिलं, नव्या नवरीसारखी मान खाली घातली आणि एका दमात म्हणाले,

"सातासमुद्रापलीकडून पाहुणा आला मोरीच्या दारी,
पिंपाचं नाव घेतो, वऱ्हाड आलंय वेशीवरी!"

हसून हसून मांडव पडायचा तेवढा राहिला. गाडीवानानं चाराच्या जागी पाच पिंपं ओतली.

संध्याकाळी लेक सासरी गेली. मी डोकावलो तर मास्तर मोरीत पिंपाला पाठ टेकून बसलेले. मी थट्टा करायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "इतकी वर्षं हे आमच्या घरी पाणी साठवतंय, आणि मी त्याला परकं म्हणत राहिलो. माझ्या पोरीला तिथं कुणी तसं म्हणालं, तर रे?"

मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मास्तरीणबाईंच्या आधी मास्तर दारात हजर. साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून त्यांनी 'एक पिंप' मागितलं. दोन माणसांच्या घराला आता अर्धंसुद्धा पुरलं असतं.