आसारामकाकाचा टावेल

आसारामकाका गावात कुणालाच आवडत नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझा तो सख्खा चुलता. विमानदलातून पेन्शन घेऊन आला तो कपाळावर आठ्या घालूनच. आमचं गाव परभणीकडच्या पेडगावच्या पलीकडे, सडकेपासून आत. लोक ओट्यावर गप्पा हाणत बसलेले असायचे आणि हा मान खाली घालून खिळे, खडे, सायकलचे छर्रे वेचत फिरायचा. वेचलेलं खिशात टाकायचा आणि ज्याच्या दारात सापडलं त्याला शिव्या हासडायचा.

या खोडीचं कारण त्याने एकदाच सांगितलं, तेही जेवताना, माझ्यावर डाफरत.

"रोज सकाळी धावपट्टीवर आमी सगळे एका ओळीत चालायचो, खडे वेचत. एक दिवस एकाच्या वाट्याच्या पट्ट्यात नट राह्यला, बोटाच्या पेरायेवढा. विमान उडायला पळालं, इंजिनानं हवेसंगं नट वढला, आतली पाती तुटली, पेट घेतला. पायलट कवळा पोरगा होता. आमीच त्याला मेलेला भायेर काढला. आन ज्याच्या पट्ट्यात नट राह्यला, तो म्हनतो, चुकलो. चुकलो म्हनतो, हरामखोर."

एवढं बोलून त्याने ताट सरकवलं आणि उठून गेला.

दिनकररावांशी त्याचं वैर याच खोडीतून झालं. दिनकरराव गावचे सरपंच, मोठे जमीनदार आणि मनाने कोते. पाहुण्यांसमोर काकाने त्यांच्या अंगणातला खिळा उचलून त्यांच्याच हातावर ठेवला आणि वर दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी आपल्या वावरातून जाणारी आमच्या शेताची गाडीवाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. तेव्हापासून काका ज्वारीची पोती डोक्यावर घेऊन बांधाबांधाने आणायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, मान वाकडी व्हायची, पण मला हात लावू द्यायचा नाही.

मग पंच्याऐंशीची निवडणूक आली. एक मोठा पुढारी दिनकररावांच्या माळावर हेलिकॉप्टरने उतरणार होता. गावात विमानाजवळ कधी उभा राहिलेला माणूस एकच. दिनकररावांना नाक मुठीत धरून आमच्या दारात यावं लागलं.

"आसाराम, सायेब सुखरूप उतरले आन सुखरूप उडाले की तुजी वाट मोकळी," ते म्हणाले. काकाने तो शब्द मारुतीच्या पारावर चार लोकांत पुन्हा म्हणायला लावला. मग आपलं सांगितलं.

"हेचं इंजिन बी हवाच वढतंय. माळावर पाचोळा नको, फुलं नकोत, गुलाल नको. आन टोपी, टावेल कुनाच्या अंगावर नको."

"गुलाल बी न्हाई? सायेब काय मयतीला यायलेत का?" दिनकरराव म्हणाले आणि अख्खा पार हसला.

माळ झाडायला माणूस मिळेना. नामांतराच्या दंगलीत गाव जे वागलं होतं, त्यानंतर बौद्ध वस्तीतलं कुणी दिनकररावांच्या हाकेला येत नव्हतं, आणि ते लोक बरंच करत होते. बाकीच्यांना खराटा धरायची लाज. शेवटी काकानेच खराटा घेतला. लोकांनी त्याला जातीवरून टोमणे मारले, जे इथे लिहायची माझी इच्छा नाही. त्याने धसकटं उपटली, माळ झाडला, पाणी शिंपडलं.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही. पुढच्या लोकांच्या टोप्या, टावेल काकाने आधीच पोत्यात भरून घेतले होते. माझाही टावेल खांद्यावरून ओढला होता. पुढाऱ्याने माळ पाहिला, कुणाचं काम ते विचारलं आणि गावातली सभा संपताना मंचावरून सांगितलं, "यांचा सत्कार करा."

दिनकररावांनी दात खाऊन काकाला टोपी घातली, खांद्यावर नवा टावेल टाकला, हातात नारळ दिला. टोमणे मारणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. काकाचा चेहरा मी प्रथमच सैल झालेला पाहिला.

आमच्याकडे घातलेला टावेल घालणाऱ्यासमोर काढत नाहीत. काढला तर मान झिडकारला असा अर्थ होतो. माळावर आल्यावर काकाने नारळ खाली ठेवला. टावेल काढायला त्याचा हात खांद्यापर्यंत गेला. समोर दिनकरराव उभे होते, त्याच्याकडेच बघत. वाट त्यांच्या हातात होती. काकाचा हात थांबला. त्याने टोपी घट्ट ओढली आणि टावेलाची टोकं सदऱ्यात खोचली.

हेलिकॉप्टर पुरुषभर उचललं गेलं. लोक पुढे सरकले, त्यांना मागे लोटायला काकाने दोन्ही हात वर केले आणि खोचलेली टोकं सुटली. टावेल उडाला, वाऱ्यात गरगरला आणि वरून इंजिनाच्या तोंडात ओढला गेला. जात्यात खडे पडावेत तसा आवाज झाला. हेलिकॉप्टर तिरकं होऊन जमिनीवर आदळलं. धूर निघाला. कुणी मेलं नाही. पुढारी पांढऱ्याफटक चेहऱ्याने उतरला आणि कुणाशी न बोलता जीपने परभणीला गेला.

"मुद्दाम केलंस तू," दिनकरराव काकावर धावून गेले. "समद्या गावाला अक्कल शिकवनाऱ्याच्या हातून हे चुकून व्हत न्हाई."

सगळ्या गावाला ते पटलं. मी काकाचा दंड धरला. "काका, सांगा ना चूक झाली म्हनून. सोडतील ते."

काकाने दिनकररावांकडे बघितलं आणि म्हणाला, "हां. मुद्दामच केलं."

पोलिसांनी त्याला नेलं, चौकशी केली आणि मुद्दाम केल्याचं काही निघेना तेव्हा सोडलं. त्याला घेऊन परत येताना एसटीत मी त्याच्यावर भडकलो. वाट तर गेलीच, वर नावही गेलं, खोटं कशाला बोललात, असं विचारलं.

"तो नटवाला चुकलो म्हनत माज्या पाया पडला होता," काका म्हणाला. "मी त्याला लाथेनं उडिवला. परत कवा बोललो न्हाई त्याच्याशी. आता मी कोन्या तोंडानं म्हनू?"

त्या सुगीतही बाभळीच्या काट्या तिथेच होत्या. काकाने पोतं डोक्यावर घेतलं आणि बांधावर चढला.