स्कॉटकाकांनी दिलेला शब्द

स्कॉटकाकांना ‘या एकदा जेवायला’ असं सहज म्हणायची सोय नव्हती. आपण मराठी माणसं हे वाक्य चपला पायात सरकवता सरकवता बोलतो आणि ऐकणाराही तितक्याच हलक्या हाताने ‘येऊ की’ म्हणून टाकतो. काका मात्र दारातच थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, ‘‘हे निमंत्रण आहे की दुकानाची काच?’’ समोरचा गोंधळला की समजावून सांगायचे. दुकानाच्या काचेत मांडलेली वस्तू म्हणजे विकायचा प्रस्ताव नव्हे. बघा, आवडली तर बोलू, एवढंच. ‘‘काच असेल तर मी बघितली, छान आहे. निमंत्रण असेल तर वार सांगा.’’ या प्रश्नापायी डब्लिनच्या कडेला असलेल्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या निम्म्या मराठी घरांनी त्यांना खरोखर जेवायला घातलं. उरलेली निम्मी घरं ते दिसले की हवापाण्याच्या गप्पा मारू लागली.

त्यांचं खरं नाव वसंतराव, स्कॉटकाका हे आम्ही पाडलेलं. तरुणपणी स्कॉटलंडात, ग्लासगोला कायदा शिकले, तिथेच एका कंपनीत नोकरीला लागले आणि कंपनीने डब्लिनला पाठवलं तेव्हा शालनकाकूंना घेऊन इथे आले. आल्यावर कळलं की स्कॉटलंडचा कायदा बोटीत बसून समुद्र ओलांडत नाही. इथे वकिली करायची तर पुन्हा परीक्षा द्यायला हव्या होत्या. त्यांनी दिल्या नाहीत. नोकरी करता करता एका कॉलेजात संध्याकाळचे वर्ग घेऊ लागले आणि कायद्याची मूळ तत्त्वं शिकवता शिकवता म्हातारे झाले. मी पुण्याहून एमएस्सीला आले ती त्यांच्या माडीवरच्या छोट्या खोलीत भाडेकरू म्हणून. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं, पण त्या घरातला माझा चहाचा कप त्यांच्या ‘प्रेस’मधून, म्हणजे आपल्या भाषेत फडताळातून, कधी हलला नाही.

निष्काळजीपणाचा कायदा त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात शिकवला. दूध उतू गेलं की काका ओट्याशी उभे राहून विचारायचे, ‘‘लक्ष ठेवायचं काम कुणाचं होतं? त्याने ते नीट केलं का? आणि त्यामुळेच दूध उतू गेलं का?’’ काकू फडकं त्यांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘निकाल लागेपर्यंत पुसा.’’ मग ओटा पुसता पुसता ते बाटलीतल्या गोगलगायीची गोष्ट सांगत. स्कॉटलंडातल्या एका गावात एका बाईने जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीतून मेलेली गोगलगाय निघाली म्हणे. बाटली तिने विकत घेतली नव्हती, मैत्रिणीने पाजली होती. तरी बाटली भरणाऱ्याने तिची काळजी घ्यायला हवी होती की नाही? न्यायाधीश म्हणाले, हवी होती. आपल्या वागण्याने ज्याला इजा पोचू शकते तो आपला शेजारी, आणि शेजाऱ्याला जपायचं असतं.

‘‘तुमचा शेजारी कोर्टातच भेटतो,’’ काकू म्हणायच्या. ‘‘आमच्या कुरुंदवाडात हाक मारली की ओ देतो.’’

हे त्या नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हत्या. काकूंना आयर्लंडने फारसं काही कमी केलं नाही, पण दुपारी हाक मारायला माणूस दिला नाही. भाजी निवडून झाली, ऊन कलायला अजून वेळ आहे, अशा वेळी भिंतीपलीकडे ‘काय करतीयस गं?’ असं ओरडावं आणि पलीकडून ‘ओ’ यावी, एवढंच त्यांना हवं होतं. इथले शेजारी फार सज्जन होते. भेटले की ‘हाऊ आर यू’ विचारायचे, काकू ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या बोलीत ‘मजेत’, म्हणायच्या आणि दोन्ही दारं मिटायची. नदीजवळ दोन खोल्या, पुढे अनंताचं एक झाड आणि ओ देणारी शेजारीण. काकूंची मागणी इतकीच होती, आणि ती त्यांनी कधी चढ्या आवाजात केली नाही.

काकांना मी फक्त एकदाच रागावलेलं पाहिलं. पोर्टलीशजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या, आमच्या ओळखीतल्या प्राजक्ताला ‘उद्यापासून येऊ नको’ असं फोनवर सांगण्यात आलं. ती रडत काकांकडे आली. ‘‘मी इथला वकील नाही, मी फक्त प्रश्न विचारतो,’’ अशी त्यांची नेहमीची प्रस्तावना झाली. मग त्यांनी विचारलं, ‘‘कारण सांगितलं? तुझं म्हणणं ऐकून घेतलं? आधी कधी समज दिली?’’ तिन्हींची उत्तरं नाही. तिला घेऊन ते इथल्या वकिलाकडे गेले, तिच्या बाजूला बसले आणि ती अडखळली की तेवढं वाक्य पुरं करून देत राहिले. वृद्धाश्रमाने तिला परत घेतलं. ‘‘माणसाला काढायचंच असेल तर निदान समोर बसवून काढा,’’ काका परतताना म्हणाले. ‘‘ऐकून घेणं एवढं महाग आहे का?’’

पण त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे शब्द. इतर बऱ्याच ठिकाणी, अगदी आयर्लंडातसुद्धा, नुसत्या वचनाला कायदा सहसा भीक घालत नाही. बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. स्कॉटलंडात मात्र मनापासून, स्पष्ट शब्दांत दिलेलं वचन बदल्यात काही न घेताही बांधून ठेवतं. ‘‘फक्त तो शब्द हवा, नुसता इरादा नको,’’ हे सांगताना काकांचा चेहरा स्वतःच्या मुलाचं कौतुक करावं तसा व्हायचा. त्यांना मूल नव्हतं. माझी लेक इरा मराठी समजून उत्तर आयरिश इंग्रजीत देते. ती त्यांच्याकडून एवढं पक्कं शिकली की मी ‘बघू नंतर’ म्हटलं की विचारते, ‘‘इज दॅट अ प्रॉमिस, आई, ऑर जस्ट अ मेबी?’’

एका उन्हाळ्यात आम्ही सगळे किलकेनीला गेलो होतो. किल्ल्यासमोरच्या हिरवळीवर बसून काकू ठेपले वाढत होत्या आणि सहज नदीकडे बघून म्हणाल्या, ‘‘आमचा घाट असाच उतरतो.’’ काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, ‘‘शालन, वर्ग सोडले की आपण कुरुंदवाडला जाऊ. कायमचं. शब्द.’’ काकूंनी हातातला ठेपला त्यांच्या डिशमध्ये ठेवला आणि नुसतं ‘बरं’ म्हणाल्या.

कॉलेजने आणखी एक सत्र मागितलं, काकांनी दिलं. मग आणखी एक. विद्यार्थी चांगले होते, त्यांच्याशिवाय हे शिकवणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काकांना फळ्यासमोर उभं राहणं सोडवत नव्हतं. एकदा चहा गाळताना काकूंनी विचारलं, ‘‘काय हो, तुमच्या त्या शब्दाला मुदत नसते का?’’

‘‘ठरवली नसेल तर वाजवी काळ धरतात.’’

‘‘आणि वाजवी म्हणजे किती?’’

‘‘ते न्यायाधीश ठरवतो.’’

‘‘बरं,’’ काकू म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. छातीत कफ झाल्याचं निमित्त, चार दिवस दवाखाना, आणि संपलं. डॉक्टरांनी सगळं केलं, कुणाचं काही चुकलं नाही. काकांनी ते स्वतःच तपासून पाहिलं असणार, कारण दिवस झाल्यावर ते मला म्हणाले, ‘‘तिथे कुणाचा निष्काळजीपणा नाही. आहे तो किलकेनीनंतरचा.’’ मला रडू आवरलं नाही. त्यांना आवरलं, आणि ते बघवत नव्हतं.

आठवड्याभरात त्यांनी वर्ग सोडले आणि कुरुंदवाडला जायची तयारी सुरू केली. आम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडलो. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली होती, तपासण्या इथल्या दवाखान्यात चालायच्या, आणि तिकडे त्यांचं असं कुणी उरलं नव्हतं. शेवटी मी त्यांचंच हत्यार काढलं. म्हटलं, ‘‘काका, जिला शब्द दिला तीच नाही. मग शब्द संपला ना?’’

ते बॅगेत काकूंची शाल घालत होते. म्हणाले, ‘‘आमच्या स्कॉटलंडात शब्द बांधायला समोरच्याने हो म्हणायचीसुद्धा गरज नसते गं. ही तर बरं म्हणाली होती. दोनदा.’’

कायद्यात हे कितपत बसतं, देव जाणे. मी बॅगेची चेन लावून दिली.

विमानतळावर ते म्हणाले, ‘‘ये एकदा कुरुंदवाडला.’’ मी म्हटलं, ‘‘येईन काका, नक्की.’’ चष्मा कपाळावर गेला. ‘‘इरादा की शब्द?’’

‘‘शब्द,’’ मी म्हटलं.

त्यांनी नदीजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या, अंगणात अनंत लावला. व्हिडिओ कॉलवर रोडावलेले दिसायचे, पण तक्रार नाही. एकदा आमचं बोलणं चाललेलं असताना भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, ‘‘ओ काका, जेवलासा का?’’ आणि काकांनी मान वळवून, आयर्लंडात कधी ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात उत्तर दिलं, ‘‘ओ! जेवलो!’’ मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘ऐकलंस ना? हे शालनचं होतं.’’

ते गेल्याचं मला त्याच बाईने कळवलं. सुमनताई त्यांचं नाव. ‘‘दुपारच्याला हाक मारली, ताई. ओ आली न्हाई. तवाच समजलं.’’

डिसेंबरात मी कुरुंदवाडला गेले. घरच्यांनी विचारलं, आता तिथे कोण आहे? मी म्हटलं, शब्द दिलाय. खोल्यांना कुलूप होतं. अंगणात अनंत होता, गुडघ्याएवढा, आणि त्याच्या बुडाशी माती ओली होती. कुणीतरी नुकतंच पाणी घातलं होतं. मला माहीत होतं की आत कुणी नाही, तरी तिथवर जाऊन गप्प उभं राहवेना. मी कुलपासमोर उभी राहून हाक मारली, ‘‘काका!’’

भिंतीपलीकडून सुमनताईंनी ओ दिली.