दुसरीतून तिसरीत जाताना

समस्त पेणकर, रोहेकर, तसेच या दोन गावांच्या मध्ये हायवेवर राहणारे, उभे असलेले किंवा खड्डा चुकवत असलेले सर्व स्त्री-पुरुष यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझी गाडी आता पाय आपटत नाही. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणे शक्य नसल्याने हेच सांगणे समजावे.

ज्यांना माझी गाडी ठाऊक नाही, असे लोक पेणमध्ये फार नसतील, तरी त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. माझं रंगांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः गणपती करणारे. हमरापूर, जोहे, पार जित्यापर्यंत कारखान्यांत माझे डबे जातात. माल पोचवायला गाडी लागते आणि माझा डावा गुडघा क्लच म्हटलं की कुरकुरतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या थाटात पिकअप घेतली. पुढे पाच माणसं बसतील, मागे मालाचा हौदा, आणि मुख्य म्हणजे ऑटोमॅटिक. गिअर तिचे तीच बदलणार, मी फक्त राजासारखं बसायचं.

बदलायची खरी. पहिलीतून दुसरीत गुमान जायची. पण दुसरीतून तिसरीत जायची वेळ आली की आधी जरा थबकायची, विचार केल्यासारखं करायची आणि मग खाडकन अशी काही उडी घ्यायची की मागच्या हौद्यातले डबे एकमेकांना भेटायला जायचे. एकदा पितांबराच्या पिवळ्याचं झाकण उडालं. तो हौदा आजही कुठेकुठे पिवळा आहे.

या रोगाला नाव दिलं माझ्या सासूबाईंनी. त्या रोह्याला राहतात. पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा वडखळ येईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, ही पाय आपटते हो. आमची हीसुद्धा लहानपणी अशीच आपटायची." आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्या बायकोकडे. बायको मागे बसली होती. तिनं पाय जवळ घेतले.

आता असली आपट मी जन्मभर सोसली असती. पण प्रश्न गणपतीचा होता.

रोह्याच्या घरचा गणपती जोह्याहून येतो आणि तो आणायचा मान माझा. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस गणपती मीच नेले. आधी स्कूटरवर, बायकोच्या मांडीत ठेवून, मग जुन्या गाडीतून, मग या महाराणीतून. मूर्ती हातात घेऊन अनवाणी दारात उभं राहायचं, सासूबाई कोमट पाणी घेऊन येतात, पायांवर घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि मग आत. वर्षातले बाकीचे दिवस मी त्या घरात जावई असतो, म्हणजे चहा दिला तर घ्यायचा. पण त्या एका क्षणाला अख्खी आळी माझ्या पायांकडे बघत असते. तो क्षण मला फार आवडतो. यात लपवण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी खांब गावाच्या जरा अलीकडे, एका कंटेनरच्या मागे रखडत असताना मी चान्स साधून पाय दाबला. गाडी थबकली, विचारात पडली आणि आपटली. मागून बारीक आवाज आला. रोह्याला पेंढा बाजूला केला तर बाप्पा ठणठणीत, पण हातातला मोदक गायब. तो हौद्याच्या कोपऱ्यात पडला होता, पिवळ्या डागाशेजारी.

घरात असा सन्नाटा पसरला की मला माझा गुडघा ऐकू आला. गुरुजींना फोन लागला. गुरुजींनी निवाडा दिला की मोदक हा अवयव नव्हे, तो खाऊ आहे, त्यामुळे मूर्ती खंडित नाही. सगळ्यांचा जीव खाली पडला. पाच दिवस रोज बाप्पाच्या हातावर उकडीचा ताजा मोदक ठेवला गेला आणि पाचही दिवस तो दुपारनंतर दिसेनासा झाला. संशय उंदरावर गेला. उंदीर निर्दोष होता, हे आज प्रथमच जाहीर करतो.

यंदा श्रावण लागला आणि सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, राग मानू नका. यंदा मूर्ती टेम्पोनं येईल. भाजीवाल्याला सांगितलंय."

भाजीवाल्याला! म्हणजे दारात त्या भाजीवाल्याचे पाय! मी जेवलो नाही. खरं म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आणि बायकोच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शोरूम गाठलं. तिथं मी आधीही दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा एका टायवाल्या गृहस्थांनी गाडी फिरवून आणली, आणि दोन्ही वेळा ती त्यांच्यापुढे पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या पोरीसारखी शहाण्यासारखी चालली. "सर, ऑटोमॅटिक गाड्या अशाच असतात," हे त्यांचं शास्त्र. या वेळी मी बायकोला बरोबर नेलं. ती शाळेत पहिलीचा वर्ग घेते. तिच्यासमोर कुणी थापा मारत नाही, मीसुद्धा बेतानंच.

टायवाले रजेवर होते. एक तरुण इंजिनीअर मुलगी आली. तिनं डॅशबोर्डखाली वायर खुपसली, लॅपटॉप मांडीवर घेतला, म्हणाली, "काका, तुम्ही चालवा, नेहमीसारखी." मी नेहमीसारखी चालवली. फाटकाच्या पुढे गाडीनं नेहमीसारखा पाय आपटला. मुलगी लॅपटॉपवर वाकून आनंदानं ओरडली, "सापडला!" तीन वर्षांत माझ्या दुःखानं एवढा आनंद कुणाला झाला नव्हता.

परत आल्यावर तिनं समजावलं. गिअर कधी बदलायचा, आतल्या क्लचवर तेलाचा दाब किती सोडायचा, हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या हिशोबात चूक होती. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर पाठवलंय, ते टाकलं की झालं.

"म्हणजे काही उघडायचं नाही? खोलायचं नाही?" मला जरा वाईटच वाटलं. एवढा मोठा रोग आणि एक नटसुद्धा ढिला करायचा नाही!

"नाही काका. फक्त एक गोष्ट. ही गाडी चालवणाऱ्याची सवय शिकते. अपडेट झालं की जुनं शिकलेलं पुसलं जाईल, ती कोरी होईल. मग पहिले काही दिवस हळुवार चालवा, म्हणजे चांगलं शिकेल."

बायको तोवर खुर्चीवर कॅलेंडर बघत होती. तिनं मान वळवली. "म्हणजे आजवर ती ह्यांच्याकडून शिकली?"

मुलगी अडखळली. माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं. "सॉफ्टवेअरचा दोष होताच, काकी. पण काका पाय दाबतात, सोडतात, परत दाबतात. तिला कळत नाही, पुढच्या गिअरात जायचं की नाही."

"मला माहीतच होतं," बायको म्हणाली आणि हात पुढे केला. "चावी."

"चावी कशाला?"

"कोरी झाली ना? मग ती पहिलीत आली. पहिलीचा वर्ग माझा."

पुढचे आठ दिवस मी माझ्याच गाडीत बाजूला बसलो. शाळा सुटली की बाई यायच्या आणि आम्ही पेण ते रोहा, रोहा ते पेण असा अभ्यास करायचो. ती गाडीशी बोलायची, हे मी शपथेवर सांगतो. "हं, पहिली झाली, शाब्बास. आता दुसरी. घाई नाही. आता तिसरी, चला, उड्या न मारता." आणि गाडी जायची! लोण्यातून सुरी जावी तशी दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत. पहिल्या दिवशी मी दचकून विचारलं, "बदलला का गिअर?" कारण कळलंच नाही. तीन वर्षं मी प्रत्येक गिअर मणक्यावर मोजला होता.

"बदलला. आता ह्यापुढे तुमच्या संगतीत बिघडू द्यायची नाही," ती म्हणाली.

सासूबाईंना हे सगळं फोनवर सांगितलं. सॉफ्टवेअर म्हणजे काय ते त्यांना सांगताना मी इतके हातवारे केले की फोन दोनदा पडला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अट घातली. "जोह्याच्या बायला विचारा. ती गाडीत मूर्ती द्यायला तयार असेल, तर भाजीवाल्याला नको सांगते."

जोह्याची बाय म्हणजे आमच्या मूर्तीची मालकीण. नवऱ्याच्या मागे कारखाना तिनंच चालवला, आणि डोळ्यांची आखणी आजही कुणाला करू देत नाही. गेल्या वर्षीचा मोदक तिच्या फार जिव्हारी लागला होता. चतुर्थीच्या चार दिवस आधी मी तिच्या दारात गाडी उभी केली, तर ब्रश तोंडात धरूनच ती हसली.

"शेट, मोदक कुठं पडला यंदा?"

"बाय, गाडी सुधारलीय. सॉफ्टवेअर टाकलंय."

"काय टाकलंय? आमी पन शाडूत लय काय काय टाकतो. तडा जायचा तो जातोच." तिनं ब्रश काढला, मागे गेली आणि एक बाद झालेली मूर्ती घेऊन आली. बिनरंगाची, एक कान कमी. सोंड मात्र नुकतीच, ओल्या शाडूनं चिकटवलेली. "ही ठेव मागं. फाट्यापर्यंत जा नि ये. सोंड ऱ्हायली तर तुजा गनपती तुला. नायतर भाजीवाला भला मानूस हाय."

शेजारी बसलेली बायको उतरायला लागली, चावी मागायला. बाय म्हणाली, "तू नको गो. परीक्षा याची हाय."

बाय स्वतः हौद्यात चढली, पेंढ्यावर बसली, मूर्तीला हात न लावता. मी चपला काढून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. बाप्पा मागे असताना चपला काढाव्यात असं वाटलं, आणि शिवाय अनवाणी पायाला पेडल नीट कळतं. शोरूममधल्या मुलीचं बोलणं डोक्यात होतं: दाबलं की सोडू नका, सोडलं की दाबू नका.

भातखाचरांमधला रस्ता, पेणची एसटी समोरून, तिला वाट दिली. पहिली, दुसरी. आता तिसरी, मी मनात म्हटलं, उड्या न मारता. आणि नेमकी एक म्हैस डाव्या बाजूनं रस्त्यात आली. पूर्वीचा मी असतो तर पाय उचलून, ब्रेक मारून, परत दाबून गाडीला चक्रावून सोडलं असतं. मी हळूच पाय काढला, गाडी आपसूक दुसरीत आली, म्हैस आपल्या गतीनं पलीकडे गेली, मी हळूच पाय टेकला, गाडी तिसरीत गेली. मागून काही आवाज नाही. हेच भीतीदायक होतं. आरशात बाय दिसत होती, पण तिचा चेहरा मूर्तीकडे.

परत आलो. मी उतरलोच नाही. स्टिअरिंगला धरून बसलो. हौद्यातून बायचा आवाज आला, कारखान्यातल्या सगळ्या पोरी बाहेर आल्या एवढा मोठा.

"सोंड हाय!"

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मूर्ती हौद्यात, पेंढ्यात, अंगावर धुवट उपरणं. बायको शेजारी, मास्तरणीच्या नजरेनं माझ्या उजव्या पायावर लक्ष ठेवून. वडखळ, नागोठणे, आणि मग खांब. खांबच्या अलीकडे कंटेनर होताच, तो बहुतेक तिथंच राहतो. मी त्याच्या मागे गुमान चालत राहिलो. बायको म्हणाली, "शाब्बास." मला म्हणाली की गाडीला, ते विचारायचं धाडस झालं नाही.

रोह्याला आळीत लोक जमले होते. भाजीवालाही आला होता, नुसता बघायला. मी हौद्यातून मूर्ती उचलली, उपरणं बाजूला केलं. सोंड, कान, दोन्ही दात – छे, दात एकच असतो, तो – आणि हातात मोदक. सगळं जागच्या जागी. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो, छाती जरा पुढे काढली, उजवा पाय किंचित पुढे केला. मूर्ती जड होती, हात भरून आले होते, पण चेहऱ्यावर मी ते दिसू दिलं नाही. सासूबाई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या. मोदक डोळे भरून बघितला. मग माझ्या पायांकडे बघितलं. मी डोळे मिटले आणि कोमट पाण्याची वाट बघू लागलो.

पाणी आलं नाही. डोळे उघडले तर सासूबाई मला ओलांडून गाडीच्या पुढच्या चाकापाशी पोचलेल्या. तांब्या कलता केला, अर्धं पाणी टायरवर ओतलं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा हो जावईबापू, आधी हिचे पाय धुऊ दे! आज हिनं एकदापण आपटले नायत!"