मार्कोनीसाहेबांचा आउटबॉक्स

आमच्या शेजारी भिकाजीकाका खोबरेकर राहतात. मालवणात समुद्रावर आयुष्य काढलेली माणसं पुष्कळ आहेत, पण काका जहाजावर बिनतारी संदेश पाठवायचं काम करत. अशा माणसाला खलाशी मार्कोनीसाहेब म्हणायचे. आमच्या वाडीत काकांना अजूनही तेच म्हणतात. पुढे उपग्रह आले, जहाजावरची बिनतारीची खोली बंद झाली आणि काका घरी आले. त्यांची बायको माई म्हणते, "घोव इलो ता इलो, खोली पण वांगडा घेवन इलो."

ती खोली म्हणजे ओटीच्या कोपऱ्यातलं एक टेबल. त्यावर डेस्कटॉप कॉम्प्युटर, त्याच्यावर माईच्या जुन्या लुगड्याचं झाकण आणि खिळ्याला टांगलेला एक हेडफोन. हेडफोनची वायर कुठेच जोडलेली नाही, पण काका महत्त्वाचा मेल वाचताना तो कानाला लावतात. मेलसाठी त्यांच्याकडे वेगळा प्रोग्रॅम आहे. त्यात आलेलं टपाल एका पेटीत पडतं आणि जायचं टपाल दुसऱ्या पेटीत, म्हणजे आउटबॉक्समध्ये, थांबतं. फोनवरून मेल करणं काकांना मान्य नाही. "फोनावरचो मेल म्हणजे वाटेर उभ्यान मारलेल्यो गजाली," ते म्हणतात.

जुन्या नोकरीची एकही सवय त्यांनी सोडलेली नाही. पूर्वी दर अर्ध्या तासाने सगळी जहाजं तीन मिनिटं गप्प बसत, कुणी संकटात असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. काका अजून ती शांतता पाळतात. बोलता बोलता हात वर करतात आणि ओटीवरचे सगळे चिडीचूप होतात. एकदा ग्रामसेवक घरपट्टीचं सांगायला आला होता, तो बिचारा तोंड उघडं ठेवून तीन मिनिटं उभा होता. माईचा कुकर तेवढा ऐकत नाही. त्याची शिटी झाली की काका डोळे मिटून म्हणतात, "ह्या जहाजाक शिस्त नाय."

माझी मुलगी गौरजा जहाजावर कॅडेट म्हणून लागली, त्याचं मूळ या ओटीवरच आहे. लहानपणी ती काकांच्या मांडीवर बसून चमच्याने ताटलीवर टकटक करायची. तिचं पाळण्यातलं नाव काय ठेवायचं यावर आमच्या घरी वाद चालू होता, तेव्हाच काकांनी तिला मोर्समध्ये, म्हणजे बोटाने टकटक करून, हाक मारायला सुरुवात केली होती.

तिच्या जहाजावर इंटरनेट म्हणजे नावाला. बंदरात उतरली तरच फोन, नाहीतर मेल. तोही घरच्या एकाच पत्त्यावरून, जो कंपनीकडे नोंदवलेला असेल त्याच पत्त्यावरून. नोंदणीच्या दिवशी मी माझा पत्ता सांगणार तोच काकांनी हात वर केला. शांततेची वेळ आहे असं वाटून मी गप्प बसले. तेवढ्यात त्यांनी स्वतःचा पत्ता सांगून टाकला होता.

तेव्हापासून लेकीशी बोलायचं तर मला दोन घरांमधल्या गडग्यावरून पलीकडे जावं लागतं.

गौरजाचे मेल सुरुवातीला लांबलचक यायचे. मग आखूड होत गेले. कोरियातून जहाज कॅनडाकडे निघालं आणि मेल एका ओळीवर आले: "बरी आहे. काम आहे." बरी आहे म्हणजे किती बरी? जेवते का? रडते का? तिला कुणीतरी आपल्यातलं माणूस एकदा डोळ्यांनी बघेल तर बरं, एवढंच माझ्या मनात होतं.

तसं माणूस मिळालंही. माईची भाची समीक्षा व्हँकुव्हरला असते. मे महिन्यात ती इथे आली होती, तेव्हा मी तिच्या बॅगेत लाडू, कुळथाची पिठी आणि आपले मालवणी खाजे कोंबले होते. गौरजाचं जहाज व्हँकुव्हरलाच लागणार होतं. समीक्षा त्यातलंच राखून ठेवलेलं घेऊन शनिवारी बंदराजवळच्या खलाशांच्या क्लबात जाऊन थांबणार होती. रविवारी ती सासरच्यांबरोबर दुसऱ्या गावी जायची होती, म्हणजे शनिवार चुकला की चुकला. गौरजाला फक्त एवढं कळवायचं होतं, की कॅप्टनची परवानगी काढ आणि शनिवारी क्लबात ये.

मंगळवारी सकाळी मी काकांच्या टेबलाशी बसून मेल लिहिला. काकांनी हेडफोन लावून वाचला.

"अस्मिता, ह्यां काय गो?"

"मेल."

"ह्यो मेल नाय, ह्यो कीर्तनाचो पूर्वरंग आसा. 'अनेक आशीर्वाद'? 'कान झाकून घे'? 'ओल्या केसांनी डेकवर जाऊ नको'?"

"थंय थंडी असता काका."

"थंडी असता ता तेका थंय कळता. तुका हयसून कळता?"

काकांनी मजकूर कापायला घेतला. आशीर्वाद गेले, कान गेले, केस गेले. उरलं ते असं: "शनिवारी खलाशी क्लब. समीक्षा. खाजे. ये. आई." मी 'आई'च्या आधी 'तुझी' घालायला सांगितलं. काकांनी विचार करून परवानगी दिली आणि पाठवायचं बटण दाबलं.

मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसला. मग पडद्यावर चौकट आली की सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही, संदेश पाठवता आला नाही.

काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट. तिसऱ्यांदा त्यांनी बटण जरा आदराने दाबलं. चौकट तीच.

"येणारो मेल येता," काका म्हणाले. खरंच, बँकेची जाहिरात तेवढ्यात येऊन पडली होती. "जाणारो तेवढो जायत नाय. म्हणजे एरियलात दोष."

एरियल म्हणजे राउटर. तो उंच न्यायला हवा असं ठरलं. माडावर चढवायचा विचार वायर पुरत नाही म्हणून सुटला. मग आंबे काढायच्या लांब काठीला पुढे जे जाळं असतं, त्यात राउटर ठेवून काकांनी ती काठी ओटीच्या वाशाला टेकवली. दिवे लुकलुकायला लागले. काका खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "आता खंयचोय समुद्र पार करीत."

मी बटण दाबलं. चौकट.

मी कंपनीच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की जहाजाला निरोप द्यायचा असेल तर नोंदलेल्या पत्त्यावरून मेल करा. मी म्हटलं, तोच जात नाही. त्या म्हणाल्या, मग तसं आम्हाला मेल करून कळवा.

आतून माई आली. तिने आंब्याच्या जाळ्यात लुकलुकणारा राउटर बघितला, माझा चेहरा बघितला.

"देवाक गाराणा घाला," ती नवऱ्याला म्हणाली.

"मेलाक गाराणा?"

"बोटीक घालतंत, नव्या फटफटीक घालतंत, मगे मेलान काय पाप केल्यान? गौरजेची आवस बघा कशी झाली हा ती."

काका विज्ञानाची बाजू घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग माईने नारळ आणून हातात दिला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरसमोर हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि माई.

"आज ह्या लेकरान जो संदेश पाठवलो हा, तो आउटबॉक्सात अडकान रवलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची नजर लागली असात, राउटराक आंब्याच्या जाळ्यात टांगल्यामुळे त्याचो अपमान झालो असात, आमच्या हातसून काय चूकभूल झाली असात, तर ती पोटात घाल आणि ह्यो संदेश कॅनडाच्या आदी दर्यात गौरजेक पोचव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

रस्त्यावरून जाणारा मासेवालाही सायकल थांबवून "व्हय म्हाराजा" म्हणून गेला. काकांनी बटण दाबलं.

चौकट आली. माई चौकटीकडे बघून म्हणाली, "ह्येका इंग्रजी समाजता, गाराणा खंय समाजता तेका?"

मग मी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाबूला फोन लावून स्पीकरवर ठेवला. कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता.

"वयनी, पासवर्ड सांगा, मी हयसून पाठवतंय."

काका फोनवर ओरडले, "उघड्या लायनीर पासवर्ड? तुका लाज वाटता काय रे?"

"काकानू, कोण आयकता हयसर?"

"लढाईत पण असाच वाटायचा सगळ्यांका."

बाबूने नाद सोडला. पोर्ट बघा, सर्व्हरचं नाव बघा, अँटीव्हायरस बंद करा, असं एकेक तो सांगत गेला आणि मी करत गेले. काही उपयोग होत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर क्लबात पिशवी घेऊन बसलेली समीक्षा आणि जहाजाच्या एका गोल खिडकीतून बंदराकडे बघणारी गौरजा दिसत होती.

"वयनी," बाबू म्हणाला, "खालच्या कोपऱ्यात तारीख काय दिसता?"

मी वाचलं. "सोमवार. संध्याकाळ."

"सोमवार? आज मंगळवार."

"तारीख बरोबर आसा," काका म्हणाले.

"खंय बरोबर, काकानू?"

"गौरजेच्या जहाजार."

ओटीवर शांतता पसरली. अर्धा तास झालेला नसताना.

मग हळूहळू कळलं ते असं. गौरजा निघाल्यापासून काका कॉम्प्युटरचं घड्याळ तिच्या जहाजाच्या वेळेवर ठेवत होते. जहाजाने तास पुढे केला की काकांनीही हाताने पुढे करायचा. पॅसिफिक ओलांडताना जहाज वाररेषेपलीकडे गेलं आणि तिथे आदला दिवस पुन्हा सुरू झाला, तेव्हा काकांनीही इमानाने कॉम्प्युटर एक दिवस मागे नेला.

बाबू पलीकडे इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. "काकानू, मेल पाठवणाऱ्या सर्व्हरान आज सकाळीच नवीन ओळखपत्र काढल्यान. तुमचो कॉम्प्युटर कालचो. तो म्हणता, ह्या ओळखपत्राची तारीख फाल्याची, अजून इलीच नाय, म्हणजे ह्यो सर्व्हर लबाड. तारीख आजची करा, मेल जायत."

मी माऊस हातात घेतला. काकांनी माझा हात धरला.

"थांब."

"काका, मेल जावक व्हयो!"

"जायत. पण मगे तिकडे किती वाजले ता कसा कळतला? तू रोज गडग्यार येवन विचारतंस, काका, आता गौरजा निजला असात काय? जेवला असात काय? मी बोटां मोजीत सांगू? एक दिवस चुकलंय, तू रडलंस. म्हणान हडे लावलंय. बघितला की सांगाक येता."

मी माऊस सोडला. पण माई पुढे झाली.

"म्हणजे आमच्या घरात गेले कित्येक दिवस काल चाललो हा?" ती म्हणाली. "आणि माझो मंगळवारचो उपास? तो मी ह्या डब्याक विचारून धरू?" ती आत गेली आणि स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ काढून घेऊन आली. "ह्या घ्या. ह्याच्यार काय व्हया तो देश लावा. माका जेवणाची वेळ भुकेन कळता."

काकांनी घड्याळ हातात घेऊन खूप वेळ काटे फिरवले, ते जहाजाच्या वेळेवर आणलं आणि टेबलावरच्या खिळ्याला हेडफोनच्या जागी टांगलं. मग ते खुर्चीत नीट बसले आणि स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर मंगळवारात आणला.

बटण दाबलं. आउटबॉक्स रिकामा झाला. काका अजिबात हसले नाहीत. त्यांनी पेन काढून वेळ टिपली, टोपण लावलं आणि मला म्हणाले, "गेलो."

मी तिथेच पायरीवर बसले. माईने नारळ फोडून प्रसाद वाटला, कारण तिच्या मते काम गाऱ्हाण्यानेच झालं होतं आणि देवाला जरा वेळ लागतो.

शनिवारची आमची रात्र म्हणजे तिकडची सकाळ. रविवारी मी उजाडताच फोन बघितला. समीक्षाने फोटो पाठवला होता. मी तशीच गडगा ओलांडून ओटीवर गेले. क्लबातल्या टेबलाशी गौरजा बसली होती. दोन्ही गालांत खाजे, बोटांना गूळ, पिशवी अर्धी रिकामी, आणि केस कानाच्या वर कापलेले.

"केस!" मी म्हणाले.

समीक्षाने खाली लिहिलं होतं: "काकू, अडीच तास बोलत होती. मला एक शब्द बोलू दिला नाही. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या नकला करून दाखवल्या. केस स्वतःच कापलेत, दिसतंच आहे. रडली फक्त पिठीचा वास घेतल्यावर, तेही थोडं. मग पुन्हा खाल्लं."

मी ते मोठ्याने वाचलं. माईने फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांशी नेला.

"गाल बघ गो," ती म्हणाली. "भरले हत."

"खाजे आसत ते," मी म्हटलं.

"खाजे आसत तर खाजे. पोटात गेले मां?"

काका माईच्या खांद्यावरून फोटो बघत होते. ते टेबलावर बोटाने हळू टकटक करत राहिले, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काय नाय. गौरजेक हाक मारतंय."